फोटोतला पक्षी ऑस्ट्रेलियाचा, आपला बांधावर आहे

मा. संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत एका रंगीत पक्ष्याचा फोटो छापून आला होता. हिरवी पाठ, जांभळी छाती, पिवळंधमक पोट, तोंड लालभडक, आणि खाली लिहिलेलं की पावसाळ्यात सांगली परिसरात मुनियांचं आगमन. फोटो एक नंबर होता त्यात वादच नाही, आमच्या गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवर तो दिवसभर फिरत होता आणि जो तो माझ्या मळ्यात बघितला, माझ्या विहिरीवर बघितला म्हणून सांगत होता, एकानं तर आपल्याकडं थवाच असतो म्हणून सांगितलं. पण साहेब तो पक्षी सांगलीत आलेला नाही आणि आपणहून कधी येणारपण नाही. त्याचं नाव गोल्डियन फिंच, तो उत्तर ऑस्ट्रेलियातल्या गवताळ रानातला. आपल्याकडं दिसलाच तर कुणाच्यातरी गॅलरीत नाहीतर पक्ष्यांच्या दुकानात, जाळीच्या आत. आपल्या फोटोतपण मागं नीट बघितलं तर जाळीची सावली दिसते.

चूक झाली म्हणून भांडायला पत्र लिहीत नाही, चुका होतात, गूगलवर मुनिया टाकलं की काय काय येतं ते मलापण माहीत आहे. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. त्या फोटोवर आमच्या ग्रुपात एवढी वाहवा झाली आणि त्याच आठवड्यात आमच्या ओढ्याच्या काठावरचं सगळं गवत जेसीबीनं खरडून काढलं, ज्या गवतात आपली स्वतःची, खरीखुरी लाल मुनिया घरटी करून बसली होती. त्याबद्दल ग्रुपवर एक मेसेज नाही. उलट ओढा कसा मोकळा मोकळा दिसतोय म्हणून अंगठे.

आधी त्या पाहुण्याचं सांगतो, कारण त्याची गोष्ट आपल्या कामाची आहे. इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गोल्डनं 1844 मध्ये ह्या पक्ष्याला आपल्या बायकोचं, एलिझाबेथचं नाव दिलं, ती स्वतः पक्ष्यांची चित्रं काढायची आणि 1841 मध्येच वारली होती. ह्या पक्ष्यात डोक्याचे रंग तीन. जंगलात जास्त करून काळ्या डोक्याचेच असतात, लाल डोक्याचे साधारण चारात एक, आणि पिवळ्या डोक्याचा क्वचितच. घरटं करतो निलगिरीच्या खोडातल्या ढोलीत, आणि त्याच्या पिल्लांच्या जबड्याच्या कडेला निळसर चकाकणारे मणी असतात. ढोलीतल्या अंधारात चोच नेमकी कुठं घालायची ते आईबापाला त्यावरून कळत असावं असं म्हणतात.

पण खरी गंमत त्याच्या खाण्याची. तिकडं रानात एक ज्वारीच्याच कुळातलं गवत उगवतं, पाऊस संपला की त्याचं बी जमिनीवर पडतं आणि पुढं कोरड्या हंगामभर हा पक्षी तेच बी वेचून जगतो. म्हणजे कोरड्या दिवसात त्याचं बरं चाललेलं असतं. अडचण कधी, तर पहिला पाऊस पडल्यावर! आपल्याला वाटतं पाऊस आला म्हणजे सगळ्यांची चंगळ, पण तिथं पाऊस पडला की जमिनीवरचं सगळं बी एकदम उगवतं आणि खायला दाणाच उरत नाही, दुसरी गवतं बी धरेपर्यंत उपासमार. अशा वेळी एखाद्या जातीचं गवत आधी आलेलं, एखादं मागं राहिलेलं, असं निरनिराळं गवत आसपास असलं तरच तो तग धरतो. आणि नेमकी तीच गोष्ट वणव्यानं मोडली. कोरड्या हंगामाच्या शेवटी शेवटी मोठाले वणवे लागायला लागले, गुरं चरायला सोडली, हजारो एकर एकसारखं जळून जायचं, ढोलीची झाडंपण जायची. एके काळी उत्तर ऑस्ट्रेलियात ढिगानं असणारा हा पक्षी इतका कमी झाला की रानात अडीच हजारसुद्धा उरले नसतील असा अंदाज लोक सांगत होते. आता तिकडं कोरडा हंगाम सुरू होतानाच, गवत अर्धं ओलं असताना, थोडं थोडं तुकड्यानं जाळतात म्हणजे नंतर मोठा वणवा पसरत नाही.

ऑस्ट्रेलियानं 1960 मध्येच आपले पक्षी बाहेर पाठवायला बंदी घातली. त्यामुळं आपल्याकडं दुकानात जे गोल्डियन विकायला असतात ते पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले, त्यांनी ऑस्ट्रेलिया बघितलेली नाही. ज्यांनी पाळलेत त्यांना माझं काही म्हणणं नाही, नीट सांभाळा म्हणजे झालं, आणि कंटाळा आला म्हणून पुण्य करायच्या नादात बाहेर सोडून देऊ नका, दोन दिवसात मांजर नाहीतर शिक्रा न्यायचा.

आता आपल्या मुनियेकडं येतो.

लाल मुनिया, पुस्तकात लाल मनोली म्हणून पण असतं, आमच्याकडं आजी म्हातारी सगळ्यालाच चिमणी म्हणायची. लांबी जेमतेम दहा सेंटीमीटर, चिमणीपेक्षा चांगलीच बारकी. पावसाळ्यात नर अंगभर लाल होतो आणि त्यावर पांढरे बारीक ठिपके, पंख तपकिरी, चोच लाल. मादी मातकट, फक्त शेपटीच्या वर लाल. आणि विणीचा हंगाम संपला की नरपण हे सगळं उतरवून मादीसारखा मातकट होऊन जातो, ह्या कुळातल्या बाकीच्या पक्ष्यांत असं वर्षाला कपडे बदलणं दिसत नाही. म्हणूनच कित्येक जणांनी ती आयुष्यभर शेतात बघितलेली असते आणि ओळखलेली नसते. हिवाळ्यात जी बारकी पाखरं उसाच्या सरीतून भुर्रकन उठतात आणि चिप चिप करत पलीकडच्या फडात शिरतात, त्यात ही असते.

तिला लागतं काय? पाण्याच्या आसपासचं उंच गवत. लव्हाळा, रामबाण, सावा, चिमणचारा, ओढ्याच्या कडेचं मारवेल, पाटाच्या काठाचं रान. आपल्या भागात कृष्णाकाठाला हे पूर्वीपासून होतं आणि ताकारी, म्हैसाळ, टेंभू ह्या उपसा योजनांचं पाणी आल्यापासून वरच्या दुष्काळी पट्ट्यातपण पाटाच्या आणि पाझराच्या कडेनं झालंय. म्हणजे पाणी आलं तर ह्या पक्ष्याला जागा वाढायला पाहिजे होती. पण पाणी आलं तसं बांध बारीक झाले. पूर्वी आमच्या रानात बांध असा होता की त्यावरून बैलगाडी जायची, आता पाय ठेवला तर शेजारच्याच्या उसात पडतो.

मागच्या पावसाळ्यात ओढ्याच्या काठाला एक घरटं मला अगदी जवळून बघायला मिळालं. मी गवत कापायला गेलेलो आणि एक लाल ठिपका सारखा एकाच जागी शिरतोय असं दिसलं. घरटं म्हणजे गवताच्या पात्यांचा गोल गोळा, नारळाएवढा, कमरेच्या खालीच, बाजूनं भोक. वरून बघितलं तर नुसतं वाळकं गवत अडकलंय असं वाटावं. नर आमच्या खुराड्याजवळून कोंबडीची पांढरी पिसं उचलायचा, त्याच्या अंगापेक्षा पीस मोठं, वाऱ्यानं ते पीस त्याला एका बाजूला ओढायचं आणि हा तिरका तिरका उडत घरट्यात जायचा. घरट्याला आतून पिसांचं अस्तर असतं. सावा खाताना बघण्यासारखं असतं, एका काडीवर बसला की काडी वाकते, मग शेजारची काडी पायानं धरून दोन्ही काड्या एकत्र दाबून ठेवतो आणि कणसातला एकेक दाणा चोचीनं सोलून फोलपट खाली टाकतो. घरटं दिसल्यावर मी तेवढा टप्पा सोडून बाकी गवत कापलं, म्हशीला काय फरक पडला नाही.

ह्या वर्षी तीच जागा गेली. ओढा सुशोभीकरण असं कामाचं नाव. कुणी केलं, कुणी मंजूर केलं ते लिहीत नाही, गावोगावी हेच चाललंय, आणि करणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं हेपण मला माहीत आहे. पूर येऊन पाणी तुंबू नये म्हणून गाळ काढायला पाहिजे हे मान्य, 2005 आणि 2019 चा पूर सांगलीकरांना कुणी शिकवायला नको. पण पात्रातला गाळ काढणं वेगळं आणि दोन्ही काठ वरपर्यंत नांगरल्यासारखे उघडे करणं वेगळं. काठाचं गवत काढलं की पुढच्या मोठ्या पावसात तीच माती परत पात्रात येते, मग परत जेसीबी, परत बिल. आणि हे काम भर पावसाळ्यात, भाद्रपदात, जेव्हा घरट्यात अंडी नाहीतर पिल्लं. फेब्रुवारी मार्चमध्ये केलं असतं तर चाललं असतं की. पण तेव्हा निधी आला नव्हता म्हणे.

जेसीबी एकटा दोषी नाही. आमच्यासारखे शेतकरीपण त्यात आहेत. बांधावर विळ्यानं गवत कापायला बाईमाणूस मिळत नाही, मिळालं तर मजुरी परवडत नाही, मग पंप पाठीवर टाकायचा आणि तणनाशक मारून मोकळं व्हायचं. 2022 मध्ये केंद्र सरकारनं ग्लायफोसेट ह्या तणनाशकाबद्दल अधिसूचना काढली की हे फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच वापरायचं, पण बांधावर पंप घेऊन जाणारा माणूस कुठला पेस्ट कंट्रोलवाला आहे ते तुम्हीच बघा. विळ्यानं कापलेल्या गवताला पंधरा दिवसात परत फुटवा येतो, फवारलेला बांध पिवळा पडून पुढच्या पावसापर्यंत तसाच, दाणा नाही आणि किडापण नाही, आणि पिल्लांना तर बारीक किडेपण लागतात.

त्यात परत उन्हाळ्यातलं पेटवणं. पाचट पेटवतात, त्याबरोबर बांध पेटतो, बांधाबरोबर ओढा पेटतो. काही ठिकाणी तोडणीला सोपं जावं म्हणून उभा फड पेटवतात, कारखाना जळक्या उसाला कपात लावतो तरी पेटवतात. ऑस्ट्रेलियाचं वर जे सांगितलं ते इथं जोडून बघा. तिथं आग लागतेच, तिथलं रानच तसं आहे, तरी ते आता विचार करून तुकड्यानं आणि लवकर जाळतात. आपण कसलाही विचार न करता मार्च एप्रिलमध्ये काडी टाकतो आणि घरी येतो. साताऱ्याकडं माण खटावच्या माळावर आणि डोंगरावर तर चांगलं गवत उगवतं म्हणून वणवा लावायची जुनी समजूत आहे, तिथली कुसळी आणि पवना दरवर्षी जळतो, आणि जळालेल्या डोंगरावर मग आपण वृक्षारोपण करतो, गिरिपुष्पाची रोपं लावतो, फोटो काढतो. सरकारच्या 33 कोटी वृक्षलागवडीच्या वेळी असे कितीतरी गवताळ माळ खड्ड्यांनी भरले. माळावर गवत असणं म्हणजे तिथं काहीतरी कमी आहे असं आपल्याला का वाटतं कुणास ठाऊक. कासच्या पठारावर पण झाडं नाहीत, तिथं मात्र तिकीट काढून सप्टेंबरमध्ये रांगा, कारण 2012 मध्ये त्याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. आमच्या ओढ्याला कोण देणार मान.

आता कुणीतरी म्हणणार की पाखरं दाणे खातात, मरूदेत. खातात, खोटं कशाला बोलू. पण मुनिया म्हणजे एकच जात नाही. आपल्याकडं ठिपकेवाली मुनिया आहे, तिचे मोठे थवे भाताच्या आणि बाजरीच्या शेतावर पडतात, तिचं नुकसान शेतकऱ्याला दिसतं. वरच्या कोरड्या भागात, आटपाडी जतकडं, पांढऱ्या कंठाची मुनिया आहे, ती बाभळी बोराटीत राहते आणि सुगरणीच्या जुन्या सोडलेल्या खोप्यातपण संसार थाटते. लाल मुनियेचं पोट मुख्य करून गवताच्या बियांवर. म्हणजे तुमच्या बांधावरचं तणाचं बी ती फुकटात वेचते ज्याच्यासाठी तुम्ही औषधाला पैसे घालता. तणच संपवून टाकते असा माझा दावा नाही, एवढ्याशा चोचीनं काय संपणार. पण तिला शत्रूत धरू नका.

दुसरी एक गोष्ट लिहायलाच पाहिजे. फोटो बघून आमच्या ग्रुपवर दोघातिघांनी विचारलं की हा पक्षी विकत कुठं मिळतो. इथं घोटाळा होतो. परदेशी फिंच म्हणून कित्येकदा आपलीच मुनिया विकली जाते. मागं एका जत्रेत एकजण बारक्या बांबूच्या पिंजऱ्यात हिरवी, गुलाबी, पिवळी पाखरं घेऊन बसला होता, फॉरेनची आहेत म्हणायचा. पाण्याच्या वाटीत पाणी गुलाबी झालं होतं. एका पाखराच्या मानेजवळचा रंग निघून खाली खवल्या खवल्यांची नक्षी दिसत होती, सरळ आपली ठिपकेवाली, रंगात बुडवून काढलेली. असली पाखरं घरी नेल्यावर चार दिवसात मरतात आणि पोरांना वाटतं आपण खायला चुकीचं घातलं. लाल मुनियेला तर रंगवायचीपण गरज नाही, पावसाळ्यात पकडली की झालं. हा धंदा जुना आहे, दोनशे तीनशे वर्षांपूर्वीपासून अहमदाबादहून हे पक्षी पिंजऱ्यात घालून परदेशी जायचे, आणि तिकडं पिंजऱ्यातून सुटलेल्यांची पिलावळ आज स्पेनमध्ये आणि फिजीमध्ये रानात मोकळी फिरते. हिची भाऊबंद हिरवी मुनिया, जी फक्त भारतातच आहे, मध्य भारतात आणि माउंट अबूच्या बाजूला, ती तर पकडून पकडून धोक्यात आली.

कायद्याचं सांगायचं तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि 1991 पासून आपल्या देशातल्या रानपक्ष्यांच्या खरेदी विक्रीला बंदी आहे. मुनिया पकडणं, विकणं, घरात पाळणं, तिन्ही गुन्हा. विकत घेणारापण सुटत नाही. असं कुणी विकताना दिसलं तर वनविभागाचा 1926 हा हॅलो फॉरेस्टचा टोल फ्री नंबर आहे. विकणाऱ्याशी वाद घालत बसू नका आणि दया आली म्हणून चार पाखरं विकत घेऊन सोडूनपण देऊ नका, तो दुसऱ्या दिवशी परत आठ पकडून आणतो, गिऱ्हाईक मिळालं म्हणून.

माझं मागणं मोठं नाही. ग्रामपंचायत, बांधकाम खातं, पाटबंधारे, ज्यांच्या ज्यांच्या ताब्यात रस्त्याकडेची, पाटाच्या काठाची आणि ओढ्याची जागा आहे त्यांनी गवत काढायचं काम पावसाळा लागल्यापासून दिवाळी होईपर्यंत हातात घेऊ नये. रस्त्याच्या वळणावर समोरचं दिसत नाही तिथं काढावंच लागतं, तिथं काढा, माणसाचा जीव आधी. बाकी ठिकाणी थांबा. ओढ्याचा गाळ काढायचा तर उन्हाळ्यात काढा आणि एका वर्षी एकच काठ घ्या, दुसरा पुढच्या वर्षी. शेतकऱ्यांना माझं एवढंच म्हणणं की बांधाच्या दोन अंगांपैकी एका अंगाला फवारा मारू नका, चारा म्हणून कापा, आणि कापताना गवतात वाळक्या पात्यांचा गोळा दिसला तर तेवढा वाफा सोडा. पाचट पेटवण्यापेक्षा सरीत कुजवायचं तर कृषी खातंच सांगतंय, मी काही नवीन सांगत नाही, आणि ज्यांनी कुजवलंय त्यांच्या जमिनीचा पोत जाऊन बघा.

आणि आपल्याला एक विनंती. पुरवणीत परत मुनियेचा फोटो छापायचा झाला तर इथलाच छापा. जिल्ह्यात पक्षी बघणारी आणि चांगला कॅमेरा असणारी पोरं भरपूर आहेत, मायणीच्या तलावावर आणि कृष्णेच्या काठाला दर रविवारी दिसतात, त्यांच्याकडं लाल मुनियेचे शेकड्यानं फोटो पडून असतील. फक्त फोटोखाली गावाचं आणि ओढ्याचं नाव टाकू नका, तालुका टाकला तरी बास. जागा कळली की सगळ्यात आधी कॅमेरावाले गवत तुडवत घरट्यापर्यंत जातात, आणि त्यांच्या मागनं जाळीवाले.

आमच्या ओढ्याचं दुसऱ्या टप्प्याचं काम, खालच्या पुलापासून पुढचं, गणपती झाल्यावर चालू होणार आहे असं ऐकतोय. तिथला काठ अजून शिल्लक आहे आणि लव्हाळ्यात नर दिसतायत. काम थांबवा म्हणत नाही, दोन महिने पुढं ढकला एवढा अर्ज पंचायतीत दिलाय, पोच घेतलीय. हे पत्र त्याच्या आधी छापून आलं तर बरं होईल.

कळावे,
आपला एक जुना वाचक
ता. तासगाव, जि. सांगली